गाडी दारात, विमा कागदावर

गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस वर्तमानपत्रांतून एक आकडा हमखास छापून येतो. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने यंदा किती कोटींचा विमा उतरवला, हा तो आकडा. २०२३ मध्ये तो ३६० कोटी ४० लाख होता, २०२४ मध्ये ४०० कोटी ५८ लाख झाला आणि २०२५ मध्ये ४७४ कोटी ४६ लाखांवर गेला. लालबाग-परळच्या चाळींत आणि दादरच्या कट्ट्यांवर त्या दिवशी याच आकड्याची चर्चा असते. कोणी सोन्याचा भाव काढतो, तर देवालाही विमा लागतो का, असा खवचट प्रश्न कोणीतरी टाकतोच.

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला आकडा दिसला की तो फोडून पाहायची खोड असते. ४७४ कोटींपैकी दागिन्यांचा, म्हणजे ज्याला आपण चोरीचा विमा म्हणू त्याचा, वाटा ६७ कोटींच्या आसपास होता. तब्बल ३७५ कोटी होते ते माणसांचे: स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी, रखवालदार यांच्या अपघाताचे. दर्शनाला येणाऱ्या बाहेरच्या माणसाला इजा झाली तर द्यावयाच्या भरपाईसाठी ३० कोटी वेगळे आणि आगीसाठी वेगळे. मंडळाच्या कारभाऱ्यांनी प्रत्येक धोका सुटा मोजला, त्याची सुटी किंमत केली आणि सुटा हप्ता भरला. उद्या गळ्यातला हार गेला, तर बाहेरच्या माणसासाठीच्या त्या ३० कोटींतून हाराचे पैसे मिळतील असे त्यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

आपल्या स्कूटरच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच समजून बसलेलो असतो.

गिरगावातल्या खेतवाडीच्या गल्ल्यांतून किंवा गणेश गल्लीतून रात्री अकरानंतर चालत जाऊन पाहावे. चाळ बांधली तेव्हा गाडी ठेवायची जागा ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे ओट्याला खेटून, गटाराच्या झाकणावर, बंद दुकानाच्या फळीसमोर एकाला एक लागून दुचाक्या उभ्या असतात. त्यातल्या दहा मालकांना उठवून विचारले, की गाडीचा विमा आहे का? नऊजण आहे म्हणतील आणि खोटे बोलणार नाहीत. गाडी चोरीला गेली तर त्या विम्यातून पैसे मिळतील का, हा पुढचा प्रश्न विचारला की गडबड होते.

याचे मूळ कायद्यात आहे. रस्त्यावर गाडी काढायची तर विमा हवाच, हा दंडक आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासूनचा. आज तो १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. पण ही सक्ती मालकाच्या भल्यासाठी कधीच नव्हती. आपल्या गाडीखाली येणाऱ्या पादचाऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी ती आहे. विम्याच्या भाषेत त्याला थर्ड पार्टी म्हणतात. एक पक्ष आपण, दुसरा कंपनी, तिसरा तो रस्त्यावरचा अनोळखी माणूस. गाडी चोरीला गेली, जळली किंवा पुरात बुडाली, तर या विम्यातून मालकाला एक पैसा मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग, एजंटमंडळी ज्याला ओन डॅमेज किंवा ओ.डी. म्हणतात तो, वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेण्याची सक्ती नाही. दोन्ही भाग एकत्र असले की त्याला लोक फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात.

इथवर फारसे नवे नाही. नवे घडले ते २०१८ मध्ये. पहिले वर्ष सरले की बहुतेक दुचाकीवाले विम्याचे नूतनीकरणच करत नाहीत आणि अपघातग्रस्तांची कुटुंबे वाऱ्यावर पडतात, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी जुलैत आदेश दिला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विकतानाच उतरवला जाऊ लागला. निर्णय चांगला होता, पादचाऱ्याच्या बाजूने तर उत्तमच. पण त्यातून एक गोंधळ जन्माला आला. शोरूममधून मिळणाऱ्या एकाच कागदावर आता दोन मुदती असतात. थर्ड पार्टीची पाच वर्षे आणि ओ.डी.ची बहुधा एकच वर्ष. आपण तो कागद हाती आला की सर्वांत लांबची तारीख वाचतो आणि घडी घालून डिकीत ठेवतो. चौकात हवालदाराने अडवले तरी त्याला थर्ड पार्टीची तारीख पाहायची असते, ती ठीक असली की तो सोडतो. म्हणजे कायदाही समाधानी आणि मालकही. तेराव्या महिन्यापासून ती गाडी चोरीच्या दृष्टीने बिनविम्याची आहे, हे घरात कोणालाही ठाऊक नसते. गाडी जाते त्या दिवशी ते कळते.

तेव्हा आज रविवार आहे, चहा झाल्यावर तो कागद काढा आणि दोन तारखा वेगवेगळ्या वाचा. ओ.डी.ची तारीख उलटली असेल, तर थर्ड पार्टीला हात न लावता तेवढाच भाग स्वतंत्र विकत घेता येतो. १ सप्टेंबर २०१९ पासून तशी सोय आहे. एजंटाला ही सोय माहीत नसेल तर एजंट बदलावा.

आता समजा, ओ.डी. आहे आणि गाडी गेली. मिळणार किती? पॉलिसीवर आय.डी.व्ही. म्हणून एक रक्कम छापलेली असते. गाडी पूर्ण गेल्यास कंपनीची जबाबदारी तिथपर्यंत. कंपनीने ठरवलेल्या विक्रीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. रस्ता कर, नोंदणी, विम्याचा हप्ता हे आपण शोरूममध्ये भरलेले पैसे त्यात धरत नाहीत. हप्ता कमी बसावा म्हणून आय.डी.व्ही. खाली ओढून देणारे विक्रेतेही आहेत. त्यांनी वाचवलेले शंभर-दोनशे रुपये चोरीच्या दिवशी फार महागात जातात.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. स्कूटरची किंमत ९० हजार, रस्त्यावर आणेपर्यंत १ लाख ८ हजार. कर्ज ९५ हजार, तीन वर्षांचे, १२ टक्क्यांचे. हप्ता साधारण ३,१५५ रुपयांचा. तेरा हप्ते फिटले आणि चौदाव्या महिन्यात गाडी गेली. नूतनीकरण केलेल्या पॉलिसीवर आय.डी.व्ही. ७२ हजार आणि कर्जाची बाकी साडेचौसष्ट हजार. गाडी कर्जदात्याकडे नजरगहाण असल्याने विम्याचा पहिला हक्क त्याचा. आपल्या हाती येतात सात-साडेसात हजार. म्हणजे पदरची १३ हजार आणि फेडलेले ४१ हजार, असे ५४ हजार घालून बसलेल्या माणसाला त्यात नवी गाडी तर सोडाच, जुनीही येत नाही. तरीही मी म्हणेन, की विमा होता म्हणून तो वाचला. नसता तर नसलेल्या गाडीचे तेवीस हप्ते पुढे दोन वर्षे भरत बसला असता. गाडी गेली की कर्जही गेले, असा एक भाबडा समज शाखेत टेबलासमोर बसलेल्या कित्येक कर्जदारांच्या तोंडून मी ऐकला आहे. कर्ज माणसाला दिलेले असते. गाडी नुसते तारण. दावा मंजूर होईपर्यंतचे हप्तेही चुकवून चालत नाही, व्याज थांबत नाही आणि पतनोंद खराब होते ती निराळीच.

पूर्ण किंमत परत देणारे रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचे जोडकलम जास्त हप्ता भरून नव्या गाडीला मिळते. कर्जावर गाडी घेणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे तरी ते घ्यावे, असे माझे मत आहे.

दाव्याचे भवितव्य बरेचसे पहिल्या दिवशी ठरते. आपल्या भागात गाडी जागेवर दिसली नाही की पहिला संशय चोरावर जात नाही, तो वाहतूक पोलिसांच्या टोइंगवर जातो. मग चौकी शोधा, दुसरी चौकी शोधा. गणपतीत तर मंडप पडला की गाड्या तीन गल्ल्या पलीकडे लावलेल्या असतात, कोणी सरकवली असेल म्हणून शेजाऱ्यांना विचारा. यात दिवस जातो. मग पोलीस ठाण्यात 'थोडं शोधा, मिळेल' असा सल्ला मिळतो आणि दोन दिवस जातात. पॉलिसीतली अट मात्र सांगते, की पोलिसांना तात्काळ आणि कंपनीला लगेच लेखी कळवले पाहिजे.

या एका अटीवर देशभरात दाव्यांचा खच पडला होता. शेवटी २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांचा ट्रॅक्टर २८ ऑक्टोबर २०१० ला चोरीला गेला, फिर्याद त्याच दिवशी दिली, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवले. न्यायालयाने म्हटले, की पोलिसांत वेळेवर फिर्याद दिली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येणार नाही. निकाल मालकाच्या बाजूचा आहे, पण त्याचा आधार काय ते पाहा: त्याच दिवसाची फिर्याद. तेव्हा शोध घेत असतानाच फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची.

पुढे दोन्ही किल्ल्या, मूळ आर.सी., ताडदेवच्या आरटीओला दिलेल्या पत्राची पोच, कर्ज असल्यास बँकेचे पत्र, आणि तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल. या अहवालापाशी महिने जातात. दुसरी किल्ली हरवलेली असेल तर कंपनीचा तपासनीस भुवया उंचावतो. गाडीला किल्ली लावून ठेवली होती, असे उघड झाले तर निष्काळजीपणाचा ठपका येतो. तिथेही सगळे संपत नाही. २०२३ मध्ये अशोक कुमार यांच्या ट्रकच्या प्रकरणात चालकाने किल्ली आत ठेवलेली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने दाव्याच्या ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. याउलट नोंदणीच्या बाबतीत न्यायालय मुळीच दयामाया दाखवत नाही. सुशीलकुमार गोदारा यांची नवी बोलेरो जुलै २०११ मध्ये जोधपूरला चोरीला गेली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत अवघ्या नऊ दिवसांपूर्वी संपली होती. दहा वर्षे खटला चालून २०२१ मध्ये निकाल लागला आणि हाती काही आले नाही.

जुनी गाडी ओळखीच्या माणसाकडून घेऊन 'नावावर करू सावकाश' म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. विकलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो. ओ.डी.चा भाग जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. विक्री होताच कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते, त्याला १४ दिवस असतात. तसे केले नाही आणि गाडी गेली, तर विकणाऱ्याची गाडी नाही आणि घेणाऱ्याचा विमा नाही, अशी त्रिशंकू अवस्था होते.

पे अँड पार्कमध्ये 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी असते. ती वाचून आपण निमूटपणे पावती घेतो. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेन वॅलेच्या हवाली केली आणि ती चोरीला गेली. विमा कंपनीने २ लाख ८० हजार मालकाला चुकते केले आणि मग मालकासह हॉटेलवर दावा लावला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की किल्ली ताब्यात घेतली म्हणजे गाडी सांभाळायचे कर्तव्य आले, आणि निष्काळजीपणाची जबाबदारी पाटीने झटकता येत नाही. किल्ली आपल्याच खिशात राहत असेल तर गोष्ट वेगळी. पण दादरला लग्नाच्या हॉलबाहेर किल्ली देताना ती पावती जपून ठेवायला हरकत नाही.

ट्रेलरचे थोडे सांगायला हवे, कारण राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणल्यापासून चाकांवरच्या घराची हौस मराठी कुटुंबांतही शिरली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांनी आयुष्य काढलेल्या परळकराला त्या घराचे कौतुक किती वाटेल, हा प्रश्न सोडून देऊ. आपल्या कायद्याने मोटार वाहन या शब्दात ट्रेलरही येतो. मागे जोडायचा कॅम्पर घेतला तर ओढणाऱ्या मोटारीचा विमा त्याला आपसूक लागेल असे धरून चालू नये. तो पॉलिसीत स्वतंत्र नोंदवून घ्यावा. आणि आतली शेगडी, अंथरुणे, कॅमेरे हा संसार वाहनाच्या पॉलिसीत बसत नाही. दुचाकीचेही तेच आहे. गाडी जागेवर आहे आणि नुसते जोडसामान चोरीला गेले, तर नेहमीच्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीही बरोबर गेली पाहिजे!

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोवर इथल्या माणसाचे पोट ज्या यंत्रावर अवलंबून होते, ते यंत्र मालकाचे होते. साचा जळाला, चाती मोडली, तर साचेवाल्याचा पगार बुडायचा, पण साच्याचे कर्ज त्याच्या डोक्यावर नसायचे. त्याचा विमा उतरवायचा की नाही, ही मालकाची डोकेदुखी. आज त्याच चाळींतला नातू पाठीला चौकोनी पिशवी लावून त्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये जेवण पोहोचवतो. त्याचे यंत्र म्हणजे ती स्कूटर. ती त्याची स्वतःची आहे, तिचे कर्ज त्याचे आहे, आणि रात्री ती गल्लीत उघड्यावर असते.

त्याने शहाणपणा करून ओ.डी. घेतला असला तरी अडचण संपत नाही. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नको, आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून मालाची वाहतूक नको. जेवणाचा डबा हा माल आहे का? कंपनी आहे म्हणू शकते. त्याच्या बाजूने एक आधार आहे. नितीन खंडेलवाल यांच्या २००८ च्या प्रकरणात खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने वापरली जात असताना गेली, तरी सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के भरपाई दिली, कारण वापराचा आणि चोरीचा संबंध नव्हता. पण त्या ७५ टक्क्यांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गाडी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांसाठी अपघात विमा, आरोग्य, म्हातारपण यांच्या योजनांची तरतूद आहे. मोठीच गोष्ट आहे ती. वाहनाचा उल्लेख त्यात नाही. ज्या कंपन्यांचे नाव त्या पिशवीवर छापलेले असते, त्यांनी हजारो गाड्यांचा एकगठ्ठा विमा घेतला, वापराची मर्यादा त्यातून काढून घेतली आणि हप्ता दर फेरीतून चार-आठ आण्यांनी वसूल केला, तर काय बिघडेल? एकगठ्ठा विम्याचा हप्ता सुट्यापेक्षा स्वस्त पडतो, हे विमा कंपन्यांना शिकवायला नको. हे झाले नाही, कारण ते मागणारे कोणी संघटितपणे उभे नाही. गिरणी कामगाराकडे निदान युनियन होती.

तोवर दावा नाकारला गेलेल्या माणसाने काय करावे? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे मुंबईचे कार्यालय सांताक्रूझला जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील नाही, आणि नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाखांपर्यंतचा दावा तिथे चालतो. नकाराला वर्ष उलटू देऊ नये. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, त्याला मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. नकाराचे पत्र तोंडी स्वीकारू नये, कारणासहित लेखी मागावे.

आणि दावा मिळाल्यावर गाडी सापडली तर? ती आपली राहत नाही. पैसे घेताना आपण सह्या करून दिलेल्या कागदांनी ती कंपनीची झालेली असते. दावा मिळण्याआधीच सापडली तर मात्र ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात जाते. तिथे पावसात गंजत, टायर जमिनीत रुतलेल्या गाड्यांच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई यांच्या खटल्यात २००२ मध्येच सांगितले आहे, की वाहने अशी महिनोन्महिने ठाण्यात ठेवायचे कारण नाही, फोटो काढून, हमी घेऊन मालकाला किंवा विमा कंपनीला परत द्यावीत. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, तो आपणहून कोणी करत नाही. सापडल्याचा फोन आला की त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. पावसाळा एक जरी मध्ये गेला, तर घरी येते ती गाडी नसते.